सेन्सर लावला, आता लक्ष्य काय ठेवायचं?

बोट टोचून साखर तपासणाऱ्याला दिवसाला चार-पाच आकडे मिळतात. त्वचेवर चिकटवून सतत साखर मोजणारा सेन्सर (सीजीएम) लावल्यावर दर पाच मिनिटांनी एक, म्हणजे दिवसाला २८८ आकडे समोर येतात. पहिल्या आठवड्यात बहुतेक जण या आकड्यांच्या मागे धावत सुटतात. मीही धावले. जेवणानंतर २२० दिसले म्हणून थोडं इन्सुलिन घेतलं, अर्ध्या तासात आकडा उतरेना म्हणून आणखी थोडं घेतलं, आणि रात्री दीडला घामाने भिजून जाग आली. पहिल्या डोसचं काम संपायच्या आतच मी त्यावर दुसरा चढवला होता. सेन्सरने आकडे बरोबर दाखवले होते. त्या आकड्यांतून मला काय साधायचं आहे, हेच मी ठरवलेलं नव्हतं.

ज्यांना इन्सुलिनशिवाय चालत नाही अशा प्रौढांसाठी हे लिहिते आहे. टाइप १ मधुमेह असो, किंवा दिवसातून अनेकदा इन्सुलिन घ्यावं लागणारा टाइप २. डोस किती बदलायचा हे तुमच्या डॉक्टरांबरोबरच ठरवा. पण कशाकडे जायचं आहे, हे तुम्हाला स्वतःला सांगता यायला हवं. ते सांगता आलं की डॉक्टरांसमोरची पंधरा मिनिटंही कामी येतात.

आधी एवढं समजून घ्या

सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. त्वचेखाली पेशींभोवती जो द्रव असतो, त्यातली साखर तो मोजतो. रक्तातून साखर त्या द्रवात उतरायला वेळ लागतो, म्हणून सेन्सरचा आकडा साधारण पाच ते दहा मिनिटं मागे असतो. साखर स्थिर असताना याने काही बिघडत नाही. ती भराभर चढत किंवा उतरत असेल तेव्हा मात्र ग्लुकोमीटर आणि सेन्सर यांच्या आकड्यांत चांगलाच फरक दिसतो, आणि दोन्ही यंत्रं आपापल्या जागी बरोबर असतात.

म्हणून ग्लुकोमीटर फेकून देऊ नका. शरीर एक सांगतंय आणि मोबाइल दुसरंच, अशा वेळी बोट टोचा. नवा सेन्सर लावल्यावर पहिल्या दिवशीही टोचा, कारण तेव्हा तो पुरता बसलेला नसतो. हायपोवर, म्हणजे साखर ७० च्या खाली घसरल्यावर, साखर घेतल्यानंतर तर नक्की टोचा. रक्तातली साखर वर आलेली असते, सेन्सर अजून ६२ दाखवत असतो, घाबरून आपण आणखी खातो आणि तासाभराने २५० वर पोहोचतो. हे जवळजवळ प्रत्येकाच्या बाबतीत एकदा तरी घडतं.

आणखी एक. रात्री सेन्सर असलेल्या कुशीवर झोपलात की त्या जागेवर दाब पडतो आणि आकडा खोटाच खाली जातो. आलेखात अचानक खड्डा दिसतो, कूस बदलली की भरून येतो. दुसऱ्या दिवशी अहवाल बघताना हा खड्डा खऱ्या हायपोत धरू नका. पण रात्री अलार्म वाजला की आधी बोट टोचून खात्री करायची. दाबामुळेच असेल असं गृहीत धरून पुन्हा झोपायचं नाही.

पहिली पायरी: चौदा दिवस नुसतं बघा

लक्ष्य ठरवायचं तर आपण आज कुठे आहोत ते कळायला हवं. त्यासाठी चौदा दिवसांची माहिती लागते आणि त्यातल्या निदान सत्तर टक्के वेळेची नोंद असावी लागते, म्हणजे साधारण दहा दिवसांची. त्याहून कमी नोंदीवर काढलेला निष्कर्ष फसवा असतो; दोन वाईट दिवस किंवा दोन चांगले दिवस अख्खं चित्र फिरवतात.

या चौदा दिवसांत नेहमीसारखं जगा. सेन्सर आहे म्हणून कमी खाऊ नका, जास्त चालू नका. सोबत एक वही ठेवा किंवा ॲपमध्येच नोंद करा: जेवलात कधी, अंदाजे किती कर्बोदकं होती, इन्सुलिन जेवणाच्या किती आधी किंवा नंतर घेतलं, व्यायाम, झोपेची वेळ, आजारपण, पाळी. आकडा तर यंत्र लिहूनच ठेवतं. तो तसा का आला हे तुम्हीच लिहू शकता.

या काळात वारंवार ७० च्या खाली जात असाल तर चौदा दिवस पुरे होण्याची वाट बघू नका. लगेच डॉक्टरांना कळवा.

दुसरी पायरी: टक्क्यांचे तास करा

२०१९ साली मधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने सेन्सरच्या आकड्यांसाठी लक्ष्यं ठरवून दिली. बहुतेक ॲपचे अहवाल आज त्यावरच बेतलेले असतात. आपल्याकडच्या ॲपमध्ये मिलिमोल दिसत असतील तर ७० म्हणजे ३.९, १८० म्हणजे १०. मी इथे सगळीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर वापरते आहे.

टक्के वाचून डोळ्यांसमोर काही उभं राहत नाही, म्हणून मी ते तासांत मांडते. एक टक्का म्हणजे दिवसातली साधारण चौदा मिनिटं.

- ७० ते १८० च्या दरम्यान: ७० टक्क्यांहून जास्त, म्हणजे दिवसातले जवळजवळ १७ तास. यालाच टाइम इन रेंज म्हणतात.
- ७० च्या खाली: ४ टक्क्यांहून कमी, म्हणजे एका तासाच्या आत.
- त्यातही ५४ च्या खाली: १ टक्क्याहून कमी, म्हणजे पाव तासाच्या आत.
- १८० च्या वर: २५ टक्क्यांहून कमी, म्हणजे सहा तासांच्या आत.
- त्यातही २५० च्या वर: ५ टक्क्यांहून कमी, म्हणजे सव्वा तासाच्या आत.

ही लक्ष्यं सगळ्यांना सारखी लागू नाहीत. वय झालेलं असेल, किंवा हायपोचा धोका जास्त असेल, तर ७० ते १८० मधला वेळ ५० टक्के झाला तरी चांगलं मानतात. पण ७० च्या खालचा वेळ १ टक्क्याच्या आत ठेवायचा आणि २५० च्या वरचा १० टक्क्यांच्या आत. टाइप १ असताना गरोदर असाल तर कक्षाच वेगळी असते, ६३ ते १४०, आणि ती सांभाळायला स्वतंत्र तज्ज्ञांची सोबत लागते. हा लेख त्यासाठी पुरेसा नाही.

अहवालात आणखी दोन आकडे दिसतील. एक जीएमआय. चौदा दिवसांच्या सरासरीवरून एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) किती येईल याचा तो अंदाज असतो. सरासरी १५४ असेल तर जीएमआय ७ च्या आसपास येतो. प्रयोगशाळेतल्या एचबीए१सीशी तो तंतोतंत जुळेलच असं नाही, विशेषतः रक्तक्षय किंवा तांबड्या पेशींचा काही विकार असेल तर. दुसरा आकडा सीव्ही, म्हणजे साखर किती हेलकावे खाते त्याचं माप. तो ३६ टक्के किंवा त्याहून कमी असावा.

हेलकाव्यांचं माप वेगळं का लागतं? एकाची साखर दिवसभर ११० ते २०० मध्ये फिरते, दुसऱ्याची ५० ते ३०० मध्ये. दोघांची सरासरी १५४ येऊ शकते, एचबीए१सी सारखाच येऊ शकतो, आणि तरी दुसरा माणूस रोज संकटातून जात असतो. एचबीए१सीच्या कागदावर त्याचं दुःख दिसत नव्हतं. सेन्सरचं सगळ्यात मोठं देणं मला हेच वाटतं.

तिसरी पायरी: आधी तळ, मग छत

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. पहिलं लक्ष्य नेहमी ७० च्या खालचा वेळ कमी करण्याचं असावं. १८० च्या वरचे डोंगर कितीही टोचत असले तरी.

कारण सरळ आहे. तळाला खड्डे असताना वरचे डोंगर उतरवायला इन्सुलिन वाढवलं, तर खड्डे आणखी खोल होतात. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाइप १ असलेल्या लोकांवर डीसीसीटी नावाचा मोठा अभ्यास झाला. साखर काटेकोर ठेवली की डोळे, मूत्रपिंडं आणि नसा वाचतात हे त्याने सिद्ध केलं. पण काटेकोर उपचार घेणाऱ्यांमध्ये, दुसऱ्याची मदत घ्यावी लागेल अशा हायपोचं प्रमाण सुमारे तिप्पट निघालं. तेव्हा सेन्सर नव्हते. आज आपल्याकडे आहेत, तेव्हा ती किंमत मोजायची गरज नाही.

शिवाय पुष्कळ डोंगर खड्ड्यांतूनच जन्मतात. साखर ५५ झाली की हात थरथरतात, समोर येईल ते खाल्लं जातं, तासाभराने २६०. त्यावर इन्सुलिन, पुन्हा खड्डा. खड्डा बुजवला की त्याच्या मागचा डोंगर पुष्कळदा आपोआप बसतो.

आणि वारंवार हायपो होत राहिला की शरीर इशारे देणं सोडून देतं. घाम नाही, धडधड नाही, थेट गोंधळ उडतो. आशेची बाब अशी की काही आठवडे हायपो नेटाने टाळला तर हे इशारे बऱ्याच जणांमध्ये काही प्रमाणात परत येतात. तुम्हाला ५५ ला काहीच जाणवत नसेल, तुम्ही एकटे राहत असाल, गाडी चालवत असाल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा पूर्वी बेशुद्ध पडला असाल, तर वरची ४ टक्क्यांची सूट स्वतःला देऊ नका. १ टक्क्याचंच लक्ष्य धरा.

सुरुवात रात्रीपासून करा. मध्यरात्र ते पहाट या वेळात आलेख वारंवार ७० च्या खाली उतरतो का ते बघा. उतरत असेल तर रात्रीच्या जेवणाचा डोस, चढलेली साखर उतरवायला झोपताना घेतलेला ‘दुरुस्तीचा’ डोस, संध्याकाळचा व्यायाम किंवा बेसल (दिवसरात्र सावकाश काम करणारं) इन्सुलिन, यांपैकी कशामुळे, हे वहीतून बहुतेक कळतं. तेवढं घेऊन डॉक्टरांकडे जा. दरम्यान हायपो झालाच तर १५ ग्रॅम झटपट शोषली जाणारी साखर घ्यायची, १५ मिनिटं थांबायचं, बोट टोचून बघायचं. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेच.

चौथी पायरी: दिवसाचा एकच तुकडा निवडा

तळ सावरला की वरच्या बाजूला या. इथे लोक ‘टाइम इन रेंज ७० टक्के करायचा’ असं ठरवतात आणि महिन्याभरात हताश होतात. आज तुम्ही ४५ वर असाल तर पुढचं लक्ष्य ५० हेच. पाच टक्के म्हणजे रोजचे ७२ मिनिटं जास्त, आणि तज्ज्ञही एवढ्या सुधारणेला खरी सुधारणा मानतात.

तुकडा निवडण्यासाठी चौदा दिवसांचा एकत्रित आलेख उघडा. त्याला एजीपी म्हणतात. चौदा दिवस एकमेकांवर ठेवून एकच दिवस काढलेला असतो. मधली ठळक रेघ म्हणजे त्या वेळची तुमची मधली साखर. तिच्या दोन्ही बाजूंचा गडद पट्टा म्हणजे निम्मे दिवस जिथे गेले ती जागा. बाहेरचा फिका पट्टा म्हणजे अधूनमधून घडणाऱ्या गोष्टी.

आता रेघेइतकंच पट्ट्याच्या रुंदीकडेही लक्ष द्या. हे वाचायला शिकलात की निम्मं काम झालं.

पट्टा अरुंद आहे पण वर आहे, उदाहरणार्थ रोज सकाळी दहाला २१० ते २३०: याचा अर्थ तुमचं वागणं ठरलेलं आहे आणि डोस कमी पडतोय किंवा उशिरा पोहोचतोय. हा सोडवायला सोपा प्रश्न. डॉक्टर एखादा आकडा बदलतील आणि अख्खा पट्टा खाली सरकेल.

पट्टा रुंद आहे, कधी ९० तर कधी २८०: इथे डोस वाढवला तर ९० च्या दिवशी हायपो होईल. आधी रुंदीचं कारण शोधायचं. जेवणाची वेळ रोज वेगळी? कर्बोदकांचा अंदाज चुकतोय? इन्सुलिन कधी आधी, कधी नंतर, कधी विसरलं? सुई एकाच जागी टोचून तिथे गाठ झाली आहे? गाठीतून इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. हे कारण फार वेळा नजरेतून सुटतं, म्हणून पोटावरून आणि मांडीवरून बोट फिरवून बघाच.

मग लक्ष्य एका वाक्यात लिहा. ‘साखर आटोक्यात ठेवायची’ हे वाक्य चालणार नाही. ‘सकाळच्या खाण्यानंतर रोज तीन तास १८० च्या वर जातात, ते दोन आठवड्यांत दोन तासांवर आणायचे, आणि त्यासाठी इन्सुलिन जेवणाच्या पंधरा मिनिटं आधी घ्यायचं’ हे चालेल. यात वेळ आहे, मुदत आहे आणि काय करायचं तेही आहे. जेवणाआधी दहा ते वीस मिनिटं डोस घेणं हा वरचे डोंगर बुटके करायचा सगळ्यात साधा उपाय आहे, कारण डोस तोच राहतो. मात्र जेवणाआधीच साखर कमी किंवा उतरती असेल, किंवा मधुमेहामुळे जठर सावकाश रिकामं होत असेल, तर हे करू नका.

एक इशारा, जो फार कमी ठिकाणी दिला जातो. बराच काळ साखर खूप जास्त राहिली असेल आणि ती एकदम खाली आणली, तर डोळ्याच्या पडद्यावरचे जुने दोष काही काळ बळावू शकतात. म्हणून मोठं लक्ष्य हाती घेण्याआधी डोळ्यांची तपासणी करून घ्या आणि हळूहळू उतरा.

पाचवी पायरी: अलार्म म्हणजे लक्ष्य नव्हे

टाइम इन रेंजची वरची सीमा १८० आहे म्हणून वरचा अलार्म १८० वर लावणं ही नवख्यांची नेहमीची चूक. दिवसातून दहा वेळा वाजतो, चौथ्या दिवशी आपण तो बंद करतो आणि त्याबरोबर खरा धोकाही ऐकू येईनासा होतो. वरचा अलार्म सुरुवातीला २५० वर ठेवा. काही आठवडे तो क्वचितच वाजू लागला की २२० वर आणा. खालचा अलार्म ७० वर, आणि इशारे जाणवत नसतील तर ८० वर.

घरच्यांनाही तुमचे आकडे दिसत असतील तर आधीच ठरवून घ्या की कधी बोलायचं. ‘५५ च्या खाली गेलेलं दिसलं आणि मी दहा मिनिटांत फोन उचलला नाही, तर ये, बाकी वेळी विचारू नकोस.’ हे प्रेमानेच सांगावं लागतं, कारण ते काळजीनेच बघत असतात. पण प्रत्येक १९० ला ‘काय खाल्लंस?’ ऐकू आलं की माणूस सेन्सरच काढून ठेवतो.

आकड्याशेजारचा बाण

११० आणि आडवा बाण म्हणजे निवांत. ११० आणि सरळ खाली जाणारा बाण म्हणजे मिनिटाला २ किंवा त्याहून वेगाने साखर उतरते आहे, म्हणजे वीस मिनिटांत ७०. बाणांचे अर्थ प्रत्येक यंत्रात थोडे वेगळे असतात, तेव्हा आपल्या यंत्राचं माहितीपत्रक एकदा वाचून घ्या. आणि वर चढलेला आकडा बघून दुरुस्तीचा डोस घ्यावासा वाटेल तेव्हा आधी आठवा: शेवटचा डोस कधी घेतला? जेवणाचं जलद इन्सुलिन तीन ते पाच तास काम करत राहतं. किती वेळाने पुन्हा डोस घ्यायचा हे डॉक्टरांकडून ठरवून घेऊन मोबाइलच्या मागे चिठ्ठी चिकटवा. त्या दीड वाजताच्या रात्रीनंतर माझ्या मोबाइलमागे ती चिठ्ठी आहे.

आजारपणात लक्ष्य बाजूला ठेवा

ताप, उलट्या, जुलाब असताना टाइम इन रेंज बघू नका. तेव्हा दोनच कामं: पाणी पित राहायचं आणि कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की शरीर चरबी जाळू लागतं, तेव्हा तयार होणारी आम्लं) तपासायचे. साखर २५० च्या वर टिकून राहिली आणि मळमळ, पोटदुखी किंवा धाप असेल तर कीटोन तपासून लगेच वैद्यकीय मदत घ्या. खाल्लं जात नाही म्हणून बेसल इन्सुलिन स्वतःच्या मनाने बंद करू नका. टाइप १ मध्ये ते जिवावर बेततं. बरं झाल्यावर ते दिवस अहवालातून वेगळे काढा, आणि त्यांच्यावरून स्वतःला गुण देऊ नका.

दर पंधरवड्याला

एक ठरलेला दिवस, वीस मिनिटं. मागच्या चौदा दिवसांचा अहवाल आणि त्याआधीच्या चौदांचा, शेजारीशेजारी. याच क्रमाने बघा: ५४ च्या खाली किती, ७० च्या खाली किती, मग टाइम इन रेंज, शेवटी सरासरी. वरचा आकडा सुधारला पण तळ बिघडला असेल तर ते लक्ष्य साधलं असं धरू नका. डॉक्टरांशी बोला आणि एक पाऊल मागे या.

लक्ष्य साधलं असेल तर लगेच पुढचं घेऊ नका. तेच आणखी दोन आठवडे टिकतं का बघा. साधलं नसेल तर वाक्य पुन्हा वाचा: पंधरा मिनिटं आधीचा डोस चौदापैकी किती दिवस खरोखर घेतला गेला? पाच दिवसच घेतला असेल तर डोस बदलायचं कारण नाही. चौदाही दिवस घेतला आणि तरी पट्टा जागचा हलला नसेल, तर ती वही आणि दोन्ही अहवाल घेऊन भेटीची वेळ ठरवा.